विज्ञानशंका : कण एकमेकांत गुंततात ते कशामुळे?

प्रश्न (कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, सातारा) : क्वांटम एन्टँगलमेंटवरचा, म्हणजे दोन कणांची मिळून एकच सामाईक अवस्था होण्यावरचा, कोणताही लेख उघडला की ‘समजा, दोन गुंतलेले कण आहेत’ अशी सुरुवात होते आणि पुढे त्यांच्यातील अंतर, आइन्स्टाइनचा आक्षेप, नोबेल पारितोषिक असे सगळे येते. ते कण मुळात गुंतले कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना वाटते, की दोन कणांमध्ये एखादे अदृश्य बल किंवा धागा निर्माण होत असावा. त्यांना काय सांगावे?

उत्तर : विद्यार्थ्यांना प्रथम हे सांगावे, की गुंतलेल्या कणांमध्ये धागा नसतो आणि एन्टँगलमेंट हे गुरुत्व किंवा विद्युतचुंबकीय बल यांच्या पंक्तीला बसणारे आणखी एखादे बलही नाही. कण गुंततात ते आपल्या ओळखीच्याच घटनांमुळे. दोन इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण, अणूने केलेले प्रकाशाचे उत्सर्जन, एका कणाचे दोन कणांत होणारे विघटन किंवा साधी टक्कर, यांपैकी काहीही त्यासाठी चालते. या घटना ज्या अवस्थांवर घडतात त्या क्वांटम अवस्थांचा स्वभाव वेगळा असतो, आणि समजून घ्यायचे आहे ते तेवढेच.

एकट्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन, म्हणजे त्याचा फिरकीसारखा अंगभूत गुणधर्म, ठरावीक दिशेने मोजला तर उत्तर ‘वर’ किंवा ‘खाली’ असे दोनपैकी एकच येते; पण मोजण्यापूर्वी तो इलेक्ट्रॉन या दोन्ही शक्यतांच्या अध्यारोपणात, म्हणजेच सुपरपोझिशनमध्ये, असू शकतो. अध्यारोपण म्हणजे आपल्याला उत्तर ठाऊक नसणे, असा समज करून घेऊ नये. त्यातील दोन्ही शक्यता एकमेकींशी निश्चित कलासंबंध (लाटांचे चढउतार परस्परांशी कसे जुळतात तो संबंध) राखून असतात, त्यामुळे पाण्यावरच्या लाटांचे होते तसे त्यांचे व्यतिकरण, म्हणजे एकमेकींना वाढवणे किंवा पुसणे, होऊ शकते, आणि ते प्रयोगात दिसतेही.

आता दोन इलेक्ट्रॉन घेऊ. पहिल्याचा स्पिन वर आहे आणि दुसऱ्याचा खाली. या क्षणी कोणीही कोणात गुंतलेले नाही, कारण प्रत्येकाची स्वतःची निश्चित अवस्था आहे. हे दोघे इतके जवळ आणले, की त्यांची तरंगफलने (कण कुठे सापडण्याची शक्यता किती हे सांगणारी गणिती रूपे) काही प्रमाणात एकमेकांवर येऊ लागली, तर त्यांच्यात विनिमय आंतरक्रिया सुरू होते. ही आंतरक्रिया एकूण स्पिन बदलू देत नाही, म्हणून दोघेही वर किंवा दोघेही खाली असे कधी होत नाही. तिच्या हातात एवढेच असते, की ‘वर-खाली’ या जोडीचे ‘खाली-वर’ करावे. पुरेसा वेळ दिला तर अदलाबदल पूर्ण होते आणि पुन्हा एक निश्चित, न गुंतलेली अवस्था मिळते. परंतु बरोबर निम्म्या वेळेवर आंतरक्रिया थांबवली आणि इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर केले, तर आपल्या हाती ‘अदलाबदल झाली’ आणि ‘अदलाबदल झाली नाही’ या दोन शक्यतांचे समसमान अध्यारोपण राहते. या अवस्थेत पहिल्या इलेक्ट्रॉनाची अवस्था कोणती, असे विचारले तर त्याला उत्तर नाही, आणि दुसऱ्याबद्दलही नाही. अवस्था आहे ती फक्त जोडीला. एन्टँगलमेंट ते हेच.

‘उत्तर नाही’ हे शब्द मी सैलपणे वापरत नसून ते फळ्यावर सिद्ध करून दाखवता येते, आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना ते नक्की झेपेल. पहिल्या इलेक्ट्रॉनाच्या अवस्थेत ‘वर’चा वाटा क आणि ‘खाली’चा ख मानू, दुसऱ्याच्या अवस्थेत तेच वाटे ग आणि घ मानू. दोन स्वतंत्र अवस्था एकत्र लिहिल्या, तर ‘वर-वर’चा वाटा क×ग येतो, ‘वर-खाली’चा क×घ, ‘खाली-वर’चा ख×ग आणि ‘खाली-खाली’चा ख×घ. आपल्या जोडीत वर-वर आणि खाली-खाली या शक्यता नाहीत, म्हणून क×ग आणि ख×घ शून्य असले पाहिजेत. क×ग शून्य व्हायचा तर क तरी शून्य हवा किंवा ग तरी. क शून्य घेतला तर ‘वर-खाली’ ही शक्यता नाहीशी होते, आणि ग शून्य घेतला तर ‘खाली-वर’. दोन्ही शक्यता टिकवायच्या असतील तर क, ख, ग आणि घ यांच्या कोणत्याही किमती चालत नाहीत. जोडीची अवस्था दोन सुट्या अवस्थांचा गुणाकार म्हणून लिहिताच येत नाही.

ही निम्मी अदलाबदल कागदावरच राहिलेली नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमधील दोन शेजारच्या क्वांटम बिंदूंत, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म जागांत, एकेक इलेक्ट्रॉन ठेवून, विद्युतदाबाच्या साहाय्याने ही आंतरक्रिया चालू-बंद करून दाखवली. निम्म्या अदलाबदलीला १८० पिकोसेकंद पुरले (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवावी. दोन्ही इलेक्ट्रॉन सुरुवातीला ‘वर’ असते तर याच आंतरक्रियेने त्यांचे काहीही झाले नसते, कारण अदलाबदल करण्याजोगा फरकच त्यांच्यात नव्हता. म्हणजे आंतरक्रिया लागते हे खरे, पण ती पुरेशी नसते. एकाहून अधिक शक्यता खुल्या राहणेही तितकेच आवश्यक असते.

आपल्या प्रश्नाचे मूळ उत्तर तसे जुने आहे. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा प्रसिद्ध निबंध १९३५ सालचा, आणि त्याच वर्षी श्रोडिंजर यांनी लिहिले, की ज्ञात बलांमुळे काही काळ एकमेकांवर परिणाम करून वेगळ्या झालेल्या दोन वस्तूंचे पूर्वीसारखे स्वतंत्र वर्णन करता येत नाही. क्वांटम यांत्रिकीचे खरे व्यवच्छेदक लक्षण त्यांना यातच दिसले. लोकप्रिय लेखनात श्रोडिंजर यांचे मांजर राहिले आणि हे विधान मात्र मागे पडले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक) : कोल्हापुरी चपलांच्या जोडातील एक चप्पल खोक्यात घालून पुण्याला पाठवली आणि दुसरी नागपूरला, तर पुण्यातला खोका उघडताच नागपूरच्या खोक्यात कोणत्या पायाची चप्पल आहे ते कळते. यात गूढ काहीच नाही. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, अक्षय्य असतो, म्हणून एक कण वर आणि दुसरा खाली असणारच. मग एन्टँगलमेंट हे अक्षय्यतेच्या नियमालाच दिलेले भारदस्त नाव नव्हे काय?

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे आणि त्यातला निम्मा भाग बरोबर आहे. दोन कणांची उत्तरे जुळतात ती बहुतेक वेळा अक्षय्यतेच्या एखाद्या नियमामुळेच. परंतु उत्तरे जुळणे आणि कण गुंतलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक प्रयोगाने तपासता येतो.

फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या सोडणारे दोन स्रोत आहेत असे समजा. पहिला स्रोत निम्म्या वेळा दोन्ही फोटॉन आडव्या ध्रुवीकरणाचे (ध्रुवीकरण म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा) सोडतो आणि निम्म्या वेळा दोन्ही उभ्या ध्रुवीकरणाचे; हा झाला आपला चपलांचा जोड. दुसरा स्रोत प्रत्येक जोडी ‘दोन्ही आडवे’ आणि ‘दोन्ही उभे’ यांच्या अध्यारोपणात सोडतो. दोन्ही बाजूंचे ध्रुवक, म्हणजे ठरावीक ध्रुवीकरणाचाच प्रकाश जाऊ देणारे गाळणे, आडव्या दिशेत ठेवून मोजले, तर दोन्ही स्रोतांची उत्तरे शंभर टक्के जुळतात आणि काहीही फरक दिसत नाही. आता दोन्ही ध्रुवक ४५ अंशांनी फिरवा. पहिल्या स्रोताची उत्तरे निम्म्याच वेळा जुळतील, कारण आडवा किंवा उभा फोटॉन ४५ अंशांच्या ध्रुवकातून पार होईल की नाही हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगवेगळे, योगायोगाने ठरते. दुसऱ्या स्रोताची उत्तरे मात्र तिथेही शंभर टक्के जुळतात, आणि मधल्या कोणत्याही कोनात दोन्ही ध्रुवक समांतर ठेवले तरी जुळतात.

यावर आपण म्हणाल, की दुसऱ्या स्रोताच्या फोटॉनांनी निघतानाच प्रत्येक कोनाचे उत्तर बरोबर घेतले असेल. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी नेमकी हीच शक्यता तपासली. त्यांच्या युक्तिवादाचे एक सोपे रूप असे : ०, ३० आणि ६० अंश असे तीन कोन घ्या. क्वांटम सिद्धांतानुसार दोन ध्रुवकांत ३० अंशांचा फरक ठेवला तर उत्तरे २५ टक्के वेळा जुळत नाहीत. प्रत्येक फोटॉनाजवळ तिन्ही कोनांची उत्तरे आधीच लिहिलेली असतील, तर ०ची आणि ३०ची उत्तरे २५ टक्के जोड्यांत वेगळी असणार, ३०ची आणि ६०ची आणखी २५ टक्के जोड्यांत. तेव्हा ०ची आणि ६०ची उत्तरे जास्तीत जास्त ५० टक्के जोड्यांत वेगळी असू शकतात. याहून अधिक होणे साध्या बेरजेनेच अशक्य आहे. क्वांटम सिद्धांत मात्र ६० अंशांच्या फरकाला ७५ टक्के सांगतो.

याच कल्पनेचे प्रयोगाला सोयीचे रूप क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये मांडले. १९७२ मध्ये बर्कली येथे फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी, १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्से येथे आस्पे आणि सहकाऱ्यांनी, आणि २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांमधील इलेक्ट्रॉनांवर झालेल्या प्रयोगांनी क्वांटम सिद्धांताच्या बाजूने कौल दिला. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या परंपरेतील कामासाठी.

तेव्हा चपलांच्या जोडात काय नाही, ते आता नेमके सांगता येते. कारखान्यातून निघतानाच एक चप्पल डावी आणि दुसरी उजवी असते, आणि खोका बंद करणाऱ्याला, खोक्याच्या आतल्या हवेला, चपलेच्या चामड्याला, सगळ्यांना ते ‘ठाऊक’ असते. कण गुंततात ते अक्षय्यतेचा नियम एकाहून अधिक शक्यतांना सारखीच मुभा देतो आणि त्यांपैकी कोणती घडली याची नोंद विश्वात कुठेही उरत नाही तेव्हा. नोंद कोणी वाचली की नाही हे गौण आहे. ती नुसती अस्तित्वात असली, तरी दुसऱ्या स्रोताचा पहिला स्रोत होतो. माझ्या मते ‘कण गुंततात कसे’ या प्रश्नाच्या उत्तरातील हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर) : प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात, म्हणजे फोटॉन एकमेकांवर परिणाम करत नाहीत. तरीही बहुतेक प्रयोग फोटॉनांवरच होतात. प्रयोगशाळेत गुंतलेले फोटॉन प्रत्यक्षात कसे तयार करतात?

उत्तर : निर्वात जागेत दोन फोटॉन एकमेकांची दखल जवळजवळ घेत नाहीत, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. म्हणून त्यांना भेटवून गुंतवण्याऐवजी ते एकाच उगमातून जन्माला घालतात.

बर्कली आणि ओर्से येथील प्रयोगांत हा उगम कॅल्शियमचा अणू होता. लेसरने किंवा दिव्याने उत्तेजित केलेला हा अणू दोन पायऱ्या उतरून मूळ अवस्थेत येतो आणि वाटेत ५५१.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा व ४२२.७ नॅनोमीटरचा जांभळा असे दोन फोटॉन सोडतो. वरच्या पायरीवर अणूचा कोनीय संवेग शून्य असतो आणि तळालाही शून्यच असतो, म्हणून दोन फोटॉनांनी मिळून नेलेला कोनीय संवेग शून्य असला पाहिजे. मधल्या पायरीवर मात्र संवेग एक असतो आणि तिथे अगदी सारख्या ऊर्जेच्या तीन उपअवस्था असतात. अणू त्यांपैकी कोणत्या वाटेने उतरला, हे ना फोटॉनांच्या रंगावरून कळते, ना तळाशी पोहोचलेल्या अणूवरून. नोंद कुठेच राहत नाही, म्हणून वाटांचे अध्यारोपण टिकते आणि समोरासमोरच्या दिशांना गेलेले फोटॉन ध्रुवीकरणात गुंतलेले मिळतात.

आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत स्फटिकाची आहे. बेरियम बोरेटसारख्या स्फटिकात शक्तिशाली लेसरचा झोत सोडला, की क्वचित एखाद्या फोटॉनाचे दोन फोटॉन होतात. उदाहरणार्थ, ४०५ नॅनोमीटरच्या एका जांभळ्या फोटॉनापासून ८१० नॅनोमीटरचे दोन अवरक्त फोटॉन. ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा हिशेब तंतोतंत जुळावा लागतो. ही घटना अतिशय विरळ असते आणि झोतातील बाकीचे असंख्य फोटॉन स्फटिकातून जसेच्या तसे निघून जातात. अशा जोड्या एकाच वेळी उमटतात हे बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांनी १९७० मध्ये दाखवले होते, पण त्यांतून ध्रुवीकरणात गुंतलेल्या जोड्यांचा प्रखर स्रोत १९९५ मध्ये, क्वियाट आणि सहकाऱ्यांच्या हातून साधला.

त्यासाठी त्यांनी जे केले ते आपण मुद्दाम समजून घ्यावे. या प्रकारच्या स्फटिकातून एक फोटॉन आडव्या आणि दुसरा उभ्या ध्रुवीकरणाचा निघतो, आणि दोघे प्रकाशाच्या दोन वेगळ्या शंकूंवर विखुरतात. जिथे हे शंकू एकमेकांना छेदतात त्या दोन दिशांना निघालेल्या फोटॉनांपैकी आडवा कोणता आणि उभा कोणता हे सांगता येत नाही, म्हणून तेच उपयोगाचे. पण एवढ्याने भागत नाही. स्फटिकात आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणाच्या प्रकाशाचा वेग वेगळा असतो, त्यामुळे दोनपैकी आधी कोण पोहोचला यावरून तत्त्वतः दोघांची ओळख पटू शकते. म्हणून दोन्ही वाटांवर तोच स्फटिक निम्म्या जाडीचा आणि योग्य दिशेने फिरवून ठेवतात. वेळेतील हा फरक पुसला जातो आणि ४५ अंशांवरची उत्तरे जुळू लागतात. तो पुसला नाही तर आडव्या-उभ्या दिशेतील उत्तरे पूर्वीसारखीच जुळतात, ४५ अंशांवरची मात्र विस्कटतात. गुंतलेले कण तयार करणे म्हणजे पुष्कळ अंशी अशा खुणा शोधून पुसण्याचेच काम असते.

अर्धवाहकातील क्वांटम बिंदूंच्या बाबतीतही हाच अनुभव आला. त्यांतील दोन इलेक्ट्रॉन-विवर जोड्या (विवर म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा) एकामागून एक विझताना दोन गुंतलेले फोटॉन मिळावेत, ही सूचना २००० साली मांडली गेली. परंतु बिंदूंचा आकार किंचित लांबट असल्यामुळे मधल्या पातळीचे दोन भाग होतात आणि फोटॉनांची ऊर्जा वाट सांगून टाकते. हा फरक एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो, तरीही तेवढ्याने प्रयोग फसत होते. तो फरक कमी करण्याचे किंवा गाळून टाकण्याचे मार्ग सापडल्यावर २००६ मध्ये दोन गटांना यश आले.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने हेही नोंदवतो, की अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्र आणि भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांनी २०२२ मध्ये गुंतलेल्या फोटॉनांच्या आधारे ३०० मीटर मोकळ्या हवेतून गुप्तलेखनाच्या किल्लीची देवाणघेवाण करून दाखवली. हे क्षेत्र आपल्यासारख्या अभियंत्यांची वाट पाहत आहे.

प्रश्न (वाचक, पुणे) : जे दोन कण एकदाही भेटले नाहीत आणि एका उगमातूनही निघाले नाहीत, ते गुंतू शकतात का?

उत्तर : होय. समजा, अ आणि ब ही एक गुंतलेली जोडी आहे आणि क आणि ड ही दुसरी. ब आणि क यांना एकत्र आणून त्यांच्यावर असे मापन केले, की ते दोघे मिळून कोणत्या गुंतलेल्या अवस्थेत आहेत एवढेच कळावे आणि प्रत्येकाची वेगळी माहिती मात्र मिळू नये, तर अ आणि ड एकमेकांत गुंततात. ही कल्पना झुकोव्स्की, झायलिंगर, हॉर्न आणि एकर्ट यांनी १९९३ मध्ये मांडली आणि १९९८ मध्ये ती प्रयोगात उतरली. आधी उल्लेख केलेल्या डेल्फ्टच्या प्रयोगातही हिऱ्यांमधील इलेक्ट्रॉन कधी भेटले नव्हते. प्रत्येक इलेक्ट्रॉनाने स्वतःशी गुंतलेला एकेक फोटॉन पाठवला, ते फोटॉन मधल्या ठिकाणी एका अर्धपारदर्शक आरशावर एकत्र आले, आणि कोणता फोटॉन कोणत्या हिऱ्याकडून आला हे ओळखता येईनासे झाल्यामुळे इलेक्ट्रॉन गुंतले.

येथे एक सावधगिरी हवी. मधल्या मापनाची चार वेगवेगळी उत्तरे येऊ शकतात आणि ते उत्तर साध्या मार्गाने, म्हणजे प्रकाशाहून अधिक वेगाने नव्हे, कळवल्याखेरीज अ आणि ड यांच्या नोंदींतला संबंध दिसत नाही. शिवाय साखळीतला प्रत्येक दुवा शेवटी कुठल्यातरी भेटीतून किंवा सामाईक जन्मातूनच आलेला असतो.

प्रश्न (गृहिणी व विज्ञानवाचक, म्हापसा, गोवा) : साध्या टक्करीनेही कण गुंतत असतील, तर आपल्या भोवतालचे सगळे जग केव्हाच गुंतून गेले असेल. मग ते दिसत का नाही, आणि शास्त्रज्ञांना एवढे कष्ट का पडतात?

उत्तर : जग खरोखरच गुंतलेले आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ते दिसत नाही. हवेतील धुळीच्या कणावर प्रत्येक क्षणी असंख्य रेणू आदळतात, आणि आदळून निघालेला प्रत्येक रेणू तो कण कुठे होता याची खूण घेऊन जातो. वर ज्या नोंदीबद्दल लिहिले ती हीच. धुळीचा कण सुरुवातीला दोन जागांच्या अध्यारोपणात असता, तर पहिल्या काही टक्करींतच तो त्या रेणूंशी गुंतला असता, ते रेणू पुढच्या रेणूंशी, आणि अध्यारोपणाचा पुरावा इतक्या कणांत वाटला गेला असता, की तो परत गोळा करणे कोणालाही शक्य नाही. एकट्या धुळीच्या कणाकडे पाहणाऱ्याला मग तो सरळ इथे किंवा तिथे आहे एवढेच दिसते. या प्रक्रियेला डिकोहिरन्स म्हणतात.

याला जोडून एक नियम आहे. दोन कण एकमेकांत पूर्णपणे गुंतलेले असतील, तर त्यांपैकी कोणालाही तिसऱ्याशी गुंतता येत नाही. तिसऱ्याशी जितके गुंतावे, तितके पहिले नाते क्षीण होते. कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी २००० साली हे सूत्ररूपात मांडले. म्हणजे प्रयोगशाळेत कष्ट पडतात ते कण गुंतवण्यासाठी कमी आणि ज्यांच्याशी गुंतू नये त्या भोवतालापासून त्यांना वेगळे राखण्यासाठी अधिक. निर्वात नळ्या, निरपेक्ष शून्याच्या जवळची तापमाने, चुंबकीय आवरणे ही सगळी व्यवस्था त्याचसाठी असते.

प्रश्न (वाचक, अमरावती) : कण गुंतायला वेळ लागतो की ते एका क्षणात घडते?

उत्तर : वेळ लागतो, कारण आंतरक्रियेला वेळ लागतो; १८० पिकोसेकंदांचे उदाहरण वर आलेच आहे. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये हेलियमच्या अणूचा अभ्यास गणनेने केला. लेसरच्या स्पंदाने एक इलेक्ट्रॉन अणूबाहेर फेकला जातो आणि दुसरा आतच राहून वरच्या पातळीवर जातो. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन नेमका कधी निघाला, हे आत राहिलेल्याच्या ऊर्जेशी गुंतलेले असते : आतला अधिक ऊर्जेच्या अवस्थेत असेल तर बाहेरचा लवकर निघालेला असण्याची शक्यता जास्त, कमी ऊर्जेच्या अवस्थेत असेल तर उशिरा, आणि या दोन वेळांमधील सरासरी फरक सुमारे २३२ अ‍ॅटोसेकंद निघतो (एक अ‍ॅटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा दहा लाखावा भाग). याहूनही अल्पायुषी कण गुंतलेले आढळले आहेत. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील अ‍ॅटलास प्रयोगाने २०२३ मध्ये जाहीर केले, की प्रोटॉनांच्या टक्करींतून जोडीने जन्मणारे टॉप क्वार्क हा मूलकण आणि त्याचा प्रतिकण प्रति-टॉप क्वार्क स्पिनमध्ये गुंतलेले असतात, आणि त्यांचे आयुष्य तर एका अ‍ॅटोसेकंदाच्याही दहा लाखाव्या भागाहून कमी असते.

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, रत्नागिरी) : विद्युतचुंबकीय बलामुळे कण गुंतू शकतात, तर गुरुत्वाकर्षणामुळे का नाही?

उत्तर : हा आजच्या भौतिकशास्त्रातील सर्वांत मोलाच्या खुल्या प्रश्नांपैकी एक आहे. लंडनमधील सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसेच स्वतंत्रपणे मार्लेतो आणि वेद्राल यांनी, २०१७ मध्ये त्यासाठी प्रयोग सुचवले. सुमारे १० चा उणे १४ वा घात इतक्या किलोग्रॅम वस्तुमानाचे दोन सूक्ष्म गोळे घ्यावेत, प्रत्येकाला दोन जागांच्या अध्यारोपणात ठेवावे आणि शेजारी शेजारी सोडून द्यावे. चारही शक्यतांत दोन गोळ्यांमधील अंतर सारखे नसते; ज्यांत ते वेगळे, त्यांत गुरुत्वीय ऊर्जा वेगळी आणि काही सेकंदांत साठणारी कलाही वेगळी. गुरुत्वाकर्षण क्वांटम नियम पाळत असेल तर एवढ्याने ते गोळे गुंतले पाहिजेत. याउलट, निव्वळ अभिजात स्वरूपाच्या, म्हणजे क्वांटम नियम न पाळणाऱ्या, मध्यस्थाला दोन वस्तू गुंतवता येत नाहीत, त्यामुळे गोळे गुंतलेले आढळले तर गुरुत्वाचे क्वांटम रूप मान्य करावे लागेल, असा या प्रस्तावांचा युक्तिवाद आहे. तो निष्कर्ष नेमका कितपत काढता येईल याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

असा प्रयोग अजून झालेला नाही. व्हिएन्ना येथे २०१९ मध्ये ज्या मोठ्या रेणूंचे व्यतिकरण दाखवले गेले त्यांचे वस्तुमान २५,००० डाल्टनांच्या (एक डाल्टन म्हणजे जवळपास हायड्रोजनच्या एका अणूचे वस्तुमान) थोडे वर होते, आणि प्रस्तावित गोळे त्याच्या वीस कोटींहून अधिक पट जड आहेत. दुसरी अडचण या सदरातील पहिल्या उत्तराशी जोडलेली आहे. गुंतवण्याचे काम कोणतीही आंतरक्रिया करू शकते, त्यामुळे गोळ्यांवर विद्युतभाराचा लवलेश राहिला किंवा ते फार जवळ आले, तर विद्युतचुंबकीय बलच त्यांना गुंतवील आणि श्रेय चुकून गुरुत्वाला जाईल. म्हणून दोन गोळ्यांच्या सर्वांत जवळच्या वाटांमध्येही सुमारे २०० मायक्रोमीटर अंतर ठेवावे, असे बोस आणि सहकाऱ्यांनी सुचवले आहे. त्याहून कमी अंतरावर कॅसिमिर-पोल्डर आकर्षण, म्हणजे विद्युतभार नसलेल्या वस्तूंमध्येही असणारे क्षीण विद्युतचुंबकीय आकर्षण, गुरुत्वापेक्षा प्रबळ होऊ लागते.